होडीच्या कागदावरचा एक रकाना

अमेरिकेत स्थिरावलेल्या आपल्या मंडळींना घर आणि गाडी झाली की कधीकधी तिसरं खूळ लागतं, होडीचं. छोटी मोटरबोट असेल तर सोपं आहे. राज्य सरकारकडे नोंद करायची, मिळालेला नंबर पुढच्या बाजूला रंगवायचा, झालं. पण होडी पाच नेट टनांची किंवा मोठी असेल (हा टन वजनाचा नव्हे, आतल्या जागेचा, साधारण पंचवीस फुटांपुढच्या होड्या यात बसतात), तर दुसरा मार्ग खुला होतो. थेट केंद्राच्या कोस्ट गार्डकडे 'डॉक्युमेंटेशन'. मग बाहेर नुसतं होडीचं आणि गावाचं नाव. नंबर असतो तो आत, सांगाड्यावर. बँकाही यावर खूश, कारण खरेदीखतं आणि गहाणखतं एकाच ठिकाणी ओळीने नोंदलेली असतात.

अट एकच. मालक अमेरिकेचा नागरिक हवा. ग्रीन कार्ड चालत नाही. होडी नवरा-बायकोच्या नावावर असेल आणि दोघांपैकी एकच नागरिक असेल, तरीही नाही.

आता हौसेच्या होडीला नागरिकत्व कशाला? आम्ही सॉफ्टवेअरवाले जुन्या कोडबद्दल असले प्रश्न रोज विचारतो. हे फील्ड कुणी टाकलं, कधी, कशासाठी? इथे उत्तर शोधायला थेट १७८९ मध्ये जावं लागतं.

देश नवा होता, तिजोरी रिकामी होती. पहिल्याच काँग्रेसने जहाजांवर टनामागे कर बसवला. अमेरिकेत बांधलेलं आणि अमेरिकनांच्या मालकीचं जहाज असेल तर ६ सेंट, परदेशी असेल तर ५०. एवढा फरक म्हटल्यावर जहाज 'आपलं' आहे हे कुणीतरी तपासायला हवंच. म्हणून नोंदणीचा कायदा आला, कस्टम्सचे कलेक्टर वह्या ठेवू लागले, आणि मालक-कप्तानांच्या नागरिकत्वाची शपथ घेतली जाऊ लागली. पण नागरिक म्हणजे कोण, याची व्याख्या तेव्हाच्या राज्यघटनेत नव्हती! म्हणजे व्हॅलिडेशन आधी लिहिलं, स्पेसिफिकेशन राहूनच गेलं.

व्हायचं तेच झालं. १८२१ मध्ये व्हर्जिनियातल्या नॉरफोकच्या कलेक्टरकडून प्रश्न आला की स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेला, कृष्णवर्णीय माणूस जहाजाचा कप्तान होऊ शकतो का? अ‍ॅटर्नी जनरल विल्यम वर्टचं उत्तर होतं, नाही. व्हर्जिनियात त्याला गोऱ्यांइतके पूर्ण हक्क नाहीत, म्हणून तो नागरिक नाही. (हक्क द्यायचे नाहीत आणि मग हक्क नाहीत म्हणून नागरिक नाही म्हणायचं. वकिली डोकं!) १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सुप्रीम कोर्टाने हीच भूमिका आणखी कठोर केली.

आणि मग 'एलिझाबेथ अँड मार्गारेट' नावाचं एक शूनर, म्हणजे दोन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज, न्यू जर्सीतल्या साउथ अँबॉयला अडवलं गेलं. सरकारी गस्तीच्या जहाजाने ते अडवलं, कारण काय, तर कप्तान 'कलर्ड' आहे. यादवी युद्ध ऐन भरात होतं. अर्थमंत्री सॅमन चेसने लिंकनचा अ‍ॅटर्नी जनरल एडवर्ड बेट्स याला विचारलं, कृष्णवर्णीय लोक नागरिक आहेत का? बेट्सने २९ नोव्हेंबर १८६२ ला उत्तर दिलं, आहेत. बायका-मुलांना मत देता येत नाही, म्हणून ती नागरिक नाहीत असं कुणी म्हणतं का? इथे जन्मलेला स्वतंत्र माणूस नागरिकच, रंगाचा संबंध नाही. गुलाममुक्तीची घोषणा यानंतर महिन्याभराने लागू झाली आणि चौदावी घटनादुरुस्ती तर १८६८ ची. शाळेच्या पुस्तकात या दोन्ही तारखा असतात. बेट्सच्या मताची नसते, आणि ते कशावरून निघालं, तर किनाऱ्यावर माल वाहणाऱ्या एका जहाजाच्या कागदावरून. मला हे विलक्षण वाटतं.

हौशी यॉट या वहीत आल्या १८४८ च्या कायद्याने. परवाना घेतला की बंदरोबंदरी कस्टम्सची कटकट नाही. मात्र माल किंवा पैसे देणारे प्रवासी न्यायचे नाहीत, आणि आरमाराच्या डिझायनरनी मागितलं तर यॉटचा आराखडा कॉपी करू द्यायचा. (ओपन सोर्सच म्हणा की!) व्यापारासाठी बनवलेली चौकट हौसेला जशीच्या तशी चिकटली. नोंदी कस्टम्सकडून १९६७ मध्ये कोस्ट गार्डकडे गेल्या, १९९५ पासून वेस्ट व्हर्जिनियातल्या फॉलिंग वॉटर्सच्या एकाच कचेरीत आल्या, पण नागरिकत्वाचा रकाना कायम राहिला.

त्यात एक गंमत आहे. ज्या कप्तानपदावरून १८२१ आणि १८६२ मध्ये वाद झाला, ती कप्तानाची अट आज निव्वळ हौशी होड्यांना लागू नाही. त्यामुळे एच-वन-बी वर आलेला इंजिनिअर मित्राच्या डॉक्युमेंटेड होडीचा कप्तान होऊ शकतो. तिच्यात अर्धी भागीदारी मात्र घेऊ शकत नाही. घेतलीच तर ती होडी फॉलिंग वॉटर्सच्या वहीत राहू शकत नाही. मग दोघांनी राज्याच्या कचेरीत जायचं, नंबर घ्यायचा आणि तो पुढच्या बाजूला रंगवायचा.