तहाची कलमे आणि मनाचा कौल



आपल्या भिंगारहून पाथर्डीच्या रस्त्याने निघाले की डोंगरावर एक अष्टकोनी इमारत दिसते. आपण सारे तिला चांदबिबीचा महाल म्हणतो. वस्तुतः ती निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. ज्याची कबर त्याला लोक विसरले, आणि जिच्यावर जीव जडला तिचे नाव इमारतीस देऊन मोकळे झाले. यात कोणी लबाडी केली असे नव्हे. मन आधी कौल देते आणि डोळे मागाहून पाहतात, एवढेच.

पण जिच्यावर आपले एवढे प्रेम, तिला मारले कोणी? मोगलांनी नव्हे, तिच्याच माणसांनी.

१५९५ साली गादीच्या वादातून निजामशाहीत तट पडले. मियाँ मंजू या वजिराने आपली बाजू सावरण्यासाठी मोगलांनाच मदतीस बोलाविले. शाहजादा मुराद आला आणि त्याने नगरच्या किल्ल्यास वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला, तेव्हा चांदबिबी स्वतः खिंडारापाशी उभी राहिली. रातोरात भिंत पुन्हा उभी करविली. १५९६ मध्ये तह झाला. वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले, पण किल्ला आणि राज्य राहिले. एवढा मोठा मुलूख गेला, तरी बाईची कीर्तीच झाली.

१६०० साली शाहजादा दानियाल व खानखानान यांनी किल्ल्यास पुन्हा वेढा घातला. मधल्या काळात, १५९७ मध्ये, दक्षिणेतील शाह्यांच्या एकत्र फौजेचा सोनपेठजवळ पराभव झाला होता. बाईने हिशेब मांडला : किल्ला द्यावा आणि बालराजा बहादूर याला घेऊन सुखरूप जुन्नरला जावे. वऱ्हाड देऊन राज्य राखण्याचा जो हिशेब, तोच हा. पण या वेळी एका दरबाऱ्याने ओरड केली की बाई शत्रूला मिळाली. जमाव महालात घुसला आणि तिचा खून झाला. थोड्याच दिवसांत किल्ला पडला. बालराजा कैद होऊन ग्वाल्हेरला गेला.

त्या शिपायांना मूर्ख म्हणणे आज सोपे आहे, कारण पुढचे आपल्याला ठाऊक आहे. वजिराने शत्रूला घरात आणलेले त्यांनी पाहिले होते. त्यांच्या संशयाला कारण होते. चूक एवढीच की, संशय हाच पुरावा मानला.

हे मी दुसऱ्यांविषयी बोलत नाही. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. तरुणपणी एका संपात आमच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांनी तडजोडीचा मसुदा आणला. त्यांचा मवाळ स्वभाव मला आधीपासून खुपत असे. गेटमिटिंगमध्ये मी उठलो आणि म्हणालो, "साहेब, तुम्ही विकले गेलात." टाळ्या पडल्या. मसुदा मी वाचलेला नव्हता. संप आणखी दोन महिने चालला आणि अखेर त्याहून कमी पगारवाढीवर मिटला. पुढे मी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. तोवर त्या गृहस्थांनी सभेला येणे सोडले होते. त्यांची क्षमा मागायचे राहून गेले.

भावना टाकून द्या, असे मी सांगणार नाही. चीड नसती तर संघटना उभी राहिली नसती. जिव्हाळा नसता तर फुटलेला तट रातोरात उभा राहिला नसता. परंतु निवाडा करण्याची वेळ आली की एक प्रश्न स्वतःला विचारावा : हाच कागद माझ्या आवडत्या माणसाने आणला असता, तर मी काय म्हटले असते? उत्तर निराळे येत असेल, तर आपण कागद वाचलेला नाही. माणूस वाचला आहे.

त्या डोंगरावरच्या इमारतीला आपण खुशाल चांदबिबीचा महाल म्हणावे. तिथे निजलेल्या सलाबतखानाची त्याला हरकत असणार नाही. जिवंत माणसांच्या बाबतीत मात्र आधी कलमे वाचावीत.