भारत आणि बांगलादेश दोघेही १३० व्या क्रमांकावर: मग लोकांचं जगणं नेमकं कुठं चांगलं?

ऑक्टोबर २०२० मध्ये सोशल मीडियावर एकच चर्चा होती: 'बांगलादेशनं भारताला मागे टाकलं!' आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अंदाजानुसार त्या वर्षी बांगलादेशचं दरडोई उत्पन्न १,८८८ डॉलर, तर भारताचं १,८७७ डॉलर राहणार होतं. फरक फक्त ११ डॉलरचा होता, पण तेवढ्यावर वादाला तोंड फुटलं.

गंमत म्हणजे दोन्ही देशांतली स्वस्ताई-महागाई लक्षात घेऊन काढलेल्या नाणेनिधीच्याच दुसऱ्या आकड्यात भारत पुढे होता. भारताचे ६,२८४ डॉलर आणि बांगलादेशचे ५,१३९ डॉलर. म्हणजे एकाच संस्थेचे आकडे घेऊन दोन्ही बाजूंना 'आम्हीच बरोबर' म्हणता येत होतं.

मग दोन देशांतल्या लोकांचं जगणं मोजायचं कसं?

मानवी विकास निर्देशांक म्हणजे काय?

देश श्रीमंत झाला म्हणजे माणसं सुखी झाली असं नाही. याच विचारातून पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साथीनं १९९० मध्ये मानवी विकास निर्देशांक पुढे आणला. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या अहवालात तो प्रसिद्ध होतो. त्यात तीन गोष्टी पाहिल्या जातात: लोक किती वर्षं जगतात, किती शिकतात आणि त्यांचं उत्पन्न किती आहे.

२०२५ च्या अहवालात २०२३ ची आकडेवारी आहे. त्यात भारत आणि बांगलादेश या दोघांचाही निर्देशांक ०.६८५ आहे आणि १९३ देशांमध्ये दोघांचा क्रमांकही एकच, १३० वा.

गुण सारखे, पण विषय वेगळे

दहावीत दोन मुलांना सारखेच टक्के मिळाले, तरी एकाला गणितात जास्त आणि दुसऱ्याला भाषेत जास्त गुण असू शकतात. इथंही तसंच आहे.

- आयुर्मान: भारत ७२ वर्षं, बांगलादेश ७४.७ वर्षं
- शाळेत जाणाऱ्या मुलाचं अपेक्षित शिक्षण: भारत सुमारे १३ वर्षं, बांगलादेश १२.३ वर्षं
- प्रौढांचं सरासरी शिक्षण: दोन्हीकडे जवळपास सात वर्षं
- दरडोई उत्पन्न (स्वस्ताई-महागाई धरून): भारत सुमारे ९ हजार डॉलर, बांगलादेश सुमारे साडेआठ हजार डॉलर

थोडक्यात, भारत कमाईत आणि शिक्षणात थोडा पुढे आहे, तर बांगलादेशातला माणूस सरासरी पावणेतीन वर्षं जास्त जगतो.

कमी पैशांत जास्त आयुष्य कसं?

याचं उत्तर मोठ्या हॉस्पिटलांपेक्षा गावागावांतल्या साध्या कामात आहे. १९७१ च्या युद्धात बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला होता. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या त्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले.

पुढे १९८० च्या दशकात बांगलादेशातल्या 'ब्रॅक' या संस्थेच्या महिला कार्यकर्त्या घरोघरी गेल्या. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि पाणी वापरून हेच औषध घरी कसं बनवायचं, हे त्यांनी लाखो आयांना शिकवलं. जुलाबानं होणारे बालमृत्यू कमी व्हायला याची मोठी मदत झाली.

कुटुंब नियोजन आणि लसीकरणासाठीही महिला कार्यकर्त्या दारोदार फिरल्या. उघड्यावर शौचाला जाण्याचं प्रमाणही बांगलादेशनं भारताच्या बरंच आधी खाली आणलं. १९९४ पासून ग्रामीण भागातल्या मुलींना माध्यमिक शाळेसाठी देशभर विद्यावेतन सुरू झालं. कपड्यांच्या कारखान्यांमुळे लाखो बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पगार आला.

मग बांगलादेश सगळ्यातच पुढे आहे का?

नाही. तिथं २० ते २४ वयोगटातल्या जवळपास निम्म्या महिलांचं लग्न १८ वर्षांच्या आत झालेलं आहे. भारतात हे प्रमाण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २३.३ टक्के आहे.

ज्या कारखान्यांनी बायकांना रोजगार दिला, तिथली सुरक्षाही वादात राहिली. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१०० पेक्षा जास्त लोकांचा जीव गेला.

शिवाय काही गोष्टी हा निर्देशांक मोजतच नाही. श्वास घ्यायला हवा कशी आहे, बोलायचं स्वातंत्र्य किती आहे, हे त्यात दिसत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर शेख हसीना यांना देश सोडावा लागला. त्या आंदोलनात शेकडो लोक मारले गेले. त्यामागची अस्वस्थता ०.६८५ या आकड्यात शोधून सापडणार नाही.

सरासरीच्या आत काय दडलंय?

भारताबद्दल बोलताना 'कुठला भारत?' हेही विचारावं लागतं. २०२० च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणानुसार जन्माला येणाऱ्या दर हजार बाळांपैकी वर्षभराच्या आत दगावणाऱ्यांची संख्या केरळमध्ये ६, महाराष्ट्रात १६ आणि मध्य प्रदेशात ४३ होती. देश एकच, पण बाळ कुठं जन्माला येतं यावर त्याचं जगणं-मरणं ठरतं.

२०२५ च्या अहवालानुसार विषमता हिशेबात धरली, तर भारताचा निर्देशांक ३०.७ टक्क्यांनी घसरतो.

पुढची व्हायरल पोस्ट पाहताना...

'अमुक देशानं तमुक देशाला मागे टाकलं' असं कुणी फॉरवर्ड केलं, तर तीन प्रश्न विचारा. नेमकं काय मोजलंय? आकडा कोणत्या वर्षाचा आहे? आणि सरासरीच्या खाली कोण राहिलंय?

कोण जिंकलं यापेक्षा शेजाऱ्याला कमी पैशांत जे जमलं, ते आपल्याकडे कुठं अडलंय, हे शोधणं जास्त उपयोगाचं आहे.