तळटीप १२ : बावडेकर

१२. बावडेकर : रामचंद्र नीलकंठ अमात्य (मृ. १७१६). त्यांच्या घराण्याची जहागीर गगनबावड्याची. कोल्हापूर शहराच्या उत्तरेचा, पंचगंगेकाठचा कसबा बावडा वेगळा. १६८९मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे निघाले, तेव्हा ‘हुकुमतपन्हा’ हा किताब देऊन इकडचा कारभार पंतांवर सोपवला. विशाळगडाच्या आधाराने त्यांनी मोगलांशी झुंज चालू ठेवली. १७१५च्या सुमाराचे ‘आज्ञापत्र’ त्यांच्याच नावे ओळखले जाते.

लेखकाने त्यांची तुलना केलेला झाँ द ज्वांव्हिल (सु. १२२४–१३१७) हा फ्रान्सच्या शांपान्य प्रांतातला सरदार. नवव्या लुईच्या धर्मयुद्धात तो १२४८मध्ये सामील झाला, १२५०मध्ये इजिप्तमध्ये कैद झाला आणि खंडणी भरल्यावर सुटला. लुईचे चरित्र त्याने १३०९मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, पुरे केले. दोघांनीही उतारवयात लेखणी धरली. पण ज्वांव्हिलने राजाच्या आठवणी लिहिल्या, पंतांनी राज्यकारभाराचे नियम.

रयतेची काळजी मात्र दोघांत समान. आपण परमुलखात असताना मागे रयत नागवली गेली, या कारणावरून ज्वांव्हिलने लुईच्या पुढच्या, १२७०च्या मोहिमेस नकार दिला. ‘आज्ञापत्रा’तही आरमारासाठी रयतेची झाडे तिच्या राजीखुशीवाचून तोडू नयेत, अशी ताकीद आहे. — संपा.