पेढा, बर्फी आणि खिशातलं सोनोग्राफी मशीन

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागे एक प्रश्न आला होता. सिडनीतल्या मावसबहिणीला विसाव्या आठवड्यातच डॉक्टरांनी सांगून टाकलं की मुलगी आहे. ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला, नावं सुचवून झाली, आणि मग तिच्या नवऱ्याने विचारलं, "तिकडे औरंगाबादला हे सांगितलं तर डॉक्टर तुरुंगात जातो म्हणे, खरं का? मशीन तर तेच आहे!" (शहराचं अधिकृत नाव 2023 पासून छत्रपती संभाजीनगर आहे. आमच्या घरात दोन्ही चालतं.)

उत्तर दोन ओळींत मावेना, म्हणून इथे लिहायला बसलो. भाऊजी, वाचताय ना?

तर या मशीनचं मूळ दवाखान्यात नाहीच, कारखान्यात आहे. इयान डोनाल्ड हे ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ. युद्धाच्या काळात ते हवाई दलात होते, तिथे रडार वगैरेची ओळख झालेली. 1955 च्या जुलैत ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीच्या डिकीत टाकून जवळच्या बॉयलरच्या कारखान्यात घेऊन गेले. तिथे वेल्डिंगच्या जोडात भेग राहिली आहे का हे ध्वनिलहरींनी तपासत असत. धातूतली भेग दिसते तर पोटातली गाठ का दिसू नये, एवढाच त्यांचा प्रश्न. दिसली! टॉम ब्राउन नावाच्या तरुण इंजिनियरच्या मदतीने त्यांनी माणसासाठी मशीन उभं केलं आणि 1958 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निबंध छापून आला. चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखान्यांवर वाढलेल्या आमच्या गावाला ही गोष्ट आवडायला हवी.

तत्त्व अगदी साधं आहे. कानाला ऐकू येणार नाही इतक्या वरच्या पट्टीतला आवाज पोटात सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून चित्र काढायचं. क्ष-किरणांचा धोका नाही, कापाकापी नाही. वार खाली सरकली आहे का, जुळी आहेत का, बाळ पायाळू आहे का, गर्भ गर्भाशयाबाहेर तर रुजला नाही ना, हे सगळं आधी कळू लागलं. आपल्या आज्यांच्या पिढीत यातलं बरंचसं प्रसूतीच्या वेळीच कळायचं, आणि तेव्हा उशीर झालेला असायचा. या यंत्राने किती बायकांचे जीव वाचवले असतील त्याची मोजदाद नाही. पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना एवढं मात्र विसरू नका.

आता आपल्याकडचं. मुलगा की मुलगी ओळखण्याचा धंदा सोनोग्राफीने सुरू झाला असं पुष्कळांना वाटतं, पण त्याआधी गर्भजल परीक्षा होती. गर्भातले जन्मजात दोष शोधण्यासाठी ती सत्तरच्या दशकात भारतात आली. तिचा भलताच उपयोग होतोय हे लक्षात आल्यावर सरकारी रुग्णालयांत लिंग ओळखण्यासाठी ती करायला बंदी आली. खाजगी दवाखाने मोकळेच राहिले. आज थोडा खर्च करा, उद्याचा हुंडा वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती उघड लागायच्या. 1986 मध्ये डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या 50 स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटून पाहणी केली. त्यातले 42 जण लिंग ओळखण्यासाठी गर्भजल परीक्षा करत होते. म्हणजे शंभरात 84. आणि हे कोणी आडगावचे भोंदू नव्हेत, मुंबईतले शिकलेले डॉक्टर!

त्याच सुमारास मुंबईत स्त्री संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्ते एकत्र आले, मोर्चे निघाले, आणि 1988 मध्ये महाराष्ट्राने याविरुद्ध कायदा केला. असा कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य आपलं. केंद्राचा कायदा 1994 मध्ये झाला आणि 1 जानेवारी 1996 पासून लागू झाला. लागू झाला म्हणजे कागदावर. अंमलबजावणी होईना, म्हणून 2000 मध्ये 'सेहत' ही मुंबईची संस्था, 'मासूम' ही पुण्याची संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सरकारांना फटकारलं, आणि 2003 मध्ये कायदा आणखी कडक झाला.

भाऊजींच्या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर इथे आहे. डॉक्टरने गर्भाचं लिंग शब्दांनी, खुणेने किंवा आणखी कोणत्याही प्रकारे सांगणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विचारायला नेणारा नवरा किंवा सासू हेही सुटत नाहीत. प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी, प्रत्येक गरोदर बाईच्या तपासणीचा 'एफ फॉर्म', आणि भिंतीवर ती पाटी. जालना रोडवरच्या कुठल्याही सेंटरमध्ये नंबर येईपर्यंत तीच वाचत बसावं लागतं.

पण "खुणेने" हा शब्द कायद्यात घालावा लागला यातच सगळं आलं. आपल्याकडे डोहाळजेवणात दोन वाट्या झाकून ठेवतात. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी, हा वाटण्याचा रिवाज तर घरोघरचा. सोनोग्राफीच्या खोलीतही हेच शब्द पोचले. "पेढे वाटा" म्हटलं की निकाल लागला. कुठे लाल शाई आणि निळी शाई, कुठे सोमवारी या आणि शुक्रवारी या. भाषा इतकी घरगुती की पकडणार कोण?

याचे आकडे जनगणनेत उतरले. शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे साधारण 950 मुली असणं निसर्गाला धरून आहे. महाराष्ट्रात 1991 मध्ये 946 होत्या, 2001 मध्ये 913, 2011 मध्ये 894. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात 2001 मध्ये 894 होत्या, 2011 मध्ये फक्त 807. आणि बीडकडे बोट दाखवून आम्ही शहरवाल्यांनी नाक वर करू नये. औरंगाबाद जिल्ह्याचा 2011 चा आकडा 860 च्याही खाली आहे. बीडला 2012 मध्ये परळीचं प्रकरण उघडकीला आलं. गर्भपात करताना एका बाईचा जीव गेला, आणि 2019 मध्ये तिथल्या डॉक्टर दांपत्याला न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

मला या इतिहासात सगळ्यात रंजक वाटतो तो कोल्हापूरचा भाग. तिथे 2001 मध्ये हजारामागे फक्त 839 मुली होत्या. जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख (कथा-कादंबरीकार म्हणून आपण ओळखतो तेच) यांनी ठरवलं की यंत्रावर नजर ठेवायला यंत्रच लावायचं. 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं उपकरण सोनोग्राफी मशीनला जोडायचं, म्हणजे केलेल्या तपासण्यांची नोंद त्यात राहणार, आणि एफ फॉर्म ऑनलाइन भरायचा. रेडिओलॉजिस्टांची संघटना उच्च न्यायालयात गेली. रुग्णाच्या खाजगीपणाचा मुद्दा त्यांनी मांडला, तो अगदीच फोल नव्हता. 2011 मध्ये न्यायालयाने देशमुखांच्या बाजूने कौल दिला. पुढे 2012 मध्ये हलवता येण्याजोग्या मशीनवरही केंद्राने बंधनं घातली. ते मशीन नोंदणी झालेल्या रुग्णालयाच्या आवारात दाखल रुग्णांसाठीच वापरायचं, नाहीतर इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या दवाखान्यात.

या सगळ्या नियमांच्या मुळाशी एक गृहीतक आहे, ते बघा. मशीन मोठं आहे, ते एका खोलीत आहे, खोलीला पत्ता आहे आणि पत्त्यावर छापा घालता येतो.

ते गृहीतक आता राहिलं नाही. 2017 मध्ये अमेरिकेत 'बटरफ्लाय आयक्यू' नावाच्या उपकरणाला मंजुरी मिळाली. सगळं काम एका चिपवर, प्रोब हातात मावणारा, मोबाईलला जोडला की मोबाईल हेच सोनोग्राफी मशीन. तेव्हा किंमत दोन हजार डॉलरच्या आत होती. इतर कंपन्यांचीही अशी उपकरणं आहेत. पर्समध्ये राहतं, वीज गेली तरी चालतं, आणि याला सायलेंट ऑब्झर्व्हर कोण जोडणार?

आणि हे लांबचं नाही. मे 2024 मध्ये आमच्याच शहरात, गारखेडा परिसरातल्या एका फ्लॅटवर महापालिकेच्या आरोग्य पथकाने पोलिसांबरोबर छापा घातला. टॅबलेटला जोडायच्या प्रोबने तिथे गर्भलिंगनिदान चालत होतं असा आरोप आहे. खटल्याचं काय व्हायचं ते न्यायालयात होईल. मी पेपरात वाचून थबकलो ते या गोष्टीने की तिथे दवाखाना नव्हता. पाटी नाही, बाकडं नाही, रिसेप्शन नाही. चार घरांसारखं घर. शेजारच्यांना तरी काय कळणार?

आता दुसरी बाजू, आणि मला खरं तर हीच सांगायची आहे. कन्नड, सोयगावच्या डोंगराकडच्या गावातल्या बाईचा विचार करा. सहावा महिना, अंगावरून रक्त जातंय. वार खाली आहे का हे पाहायला तिला तालुक्याला यायचं, तिथे सोय नसेल तर शहरात घाटीला. हाच हातभर प्रोब उपकेंद्रातल्या नर्सकडे असता तर? जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये शिफारस केली की प्रत्येक गरोदर बाईची 24 आठवड्यांच्या आत एक तरी सोनोग्राफी व्हावी. झांबिया आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलंय की सोनोग्राफीचं शिक्षण नसलेल्या माणसाने ठरलेल्या पद्धतीने पोटावरून स्वस्त प्रोब फिरवला, तरी संगणक गर्भ किती आठवड्यांचा आहे ते तज्ज्ञाइतकंच अचूक सांगू शकतो. झांबियातल्या बाईला जे मिळू शकतं ते सोयगावच्या बाईला द्यायला आपण कचरतो, कारण नर्सच्या हातात मशीन गेलं की उद्या "पेढा की बर्फी" विचारायला दारात रांग लागेल, ही भीती. आणि वाईट याचं वाटतं की भीती खोटी नाही.

म्हणजे शहरातल्या फ्लॅटमध्ये प्रोब पोचला आणि डोंगरातल्या उपकेंद्रात पोचला नाही. नियम मोडणाऱ्याला यंत्र मिळालं, नियम पाळणारी नर्स त्याच्याशिवाय राहिली.

मग नियम सैल करावेत का? माझं उत्तर, आत्ता तरी, नाही असं आहे. 1978 पासून 2024 पर्यंतचा अनुभव पाहता ते धाडस कोणी करू नये. पण नियमांची दिशा बदलता येईल असं वाटतं. चित्र न दाखवता फक्त "28 आठवडे, वार खाली, शहरात न्या" एवढंच सांगणारं यंत्र बनवणं तंत्रज्ञानाच्या आवाक्याबाहेरचं राहिलेलं नाही. नर्सला उत्तर कळेल, आणि विचारणाऱ्या सासूला दाखवायला पडद्यावर काही नसेल. मशीन कुठे ठेवलंय हे पाहण्याइतकंच मशीन काय दाखवतं हेही कायद्याने ठरवायला हवं. यात पळवाटा निघतील, हे मलाही माहीत आहे. इथे वाचणाऱ्यांत इंजिनियर आणि डॉक्टर दोन्ही आहेत. त्यांनी चुका जरूर दाखवाव्यात.

राहिला भाऊजींचा प्रश्न. होय, खरं आहे. तुमच्या डॉक्टरांनी "मुलगी" म्हटल्यावर ग्रुपवर नावं सुचवली गेली. इथे तोच शब्द उच्चारल्यावर किती घरांत पुढच्या गावच्या दवाखान्याचा पत्ता शोधला गेला, ते वरच्या आकड्यांत आहे. ज्या दिवशी बीडचा 807 हा आकडा 950 होईल आणि तसाच राहील, त्या दिवशी ती पाटी काढायची चर्चा करू.

तोवर निदान आपल्या घरातल्या डोहाळजेवणात दोन्ही वाट्यांत पेढाच ठेवावा असं मी सुचवलं होतं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बर्फी जास्त चांगली लागते." मग दोन्हीत बर्फी ठेवू, हरकत नाही.