चित्रफितींची लायब्ररी : एका धंद्याचा इतिहास

व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणाऱ्या दुकानाला आपल्याकडे सहसा कोणी दुकान म्हणत नसे. पाटीवर 'व्हिडिओ लायब्ररी' असे लिहिलेले असे आणि लोकही 'लायब्ररीतून कॅसेट आणली' असेच म्हणत. हे नाव उगाच पडलेले नव्हते. अनामत रक्कम, सभासद क्रमांक, गल्ल्याशेजारची नोंदवही, उशीर झाला तर दंड ही सगळी रीत पुस्तकांच्या वाचनालयाची. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. एकदा वर्गणी भरून ढीगभर दिवाळी अंक आळीपाळीने वाचण्याची सवय तर मराठी घरांना फारच जुनी. वस्तू विकत न घेता तिचा उपयोग तेवढा विकत घ्यायचा, हा हिशेब लोकांना ठाऊक होता. १९८०च्या दशकात पुस्तकाच्या जागी कॅसेट आली, एवढेच.

मग ही लायब्ररी बंद का पडली? गिऱ्हाईक कमी झाले म्हणून, असे कोणी सांगितले तर आम्हाला ते पटत नाही. कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि बदलापूरला लागून असलेल्या सोनिवलीसारख्या गावांचा पट्टा घ्या. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार होती, ती २०११मध्ये १ लाख ७४ हजारांवर गेली. सिनेमा पाहणारी माणसे जवळजवळ पावणेदोन पट झाली, आणि नेमक्या त्याच वर्षांत हा धंदा आटत गेला. तेव्हा कारण दुसरीकडे शोधायला हवे. त्यासाठी आधी यंत्राकडे वळू.

ध्वनी फितीवर मुद्रित करणे तुलनेने सोपे. आपल्या कानाला सेकंदाला फार तर वीस हजार कंपने ऐकू येतात. चित्राच्या संकेतात मात्र सेकंदाला कित्येक लाख बदल होतात. ते चुंबकीय फितीवर उमटवायचे तर फीत हेडपुढून फार वेगाने सरकायला हवी. घरगुती व्ही.एच.एस. यंत्रात हेड आणि फीत यांचा एकमेकांच्या संदर्भातला वेग सेकंदाला सुमारे ४.८५ मीटर असतो. हेड स्थिर ठेवून फीतच या वेगाने पळवली असती, तर तीन तासांच्या हिंदी चित्रपटाला ५२ किलोमीटर फीत लागली असती, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून जवळपास कल्याणपर्यंत! प्रत्यक्षात तीन तासांच्या कॅसेटमध्ये अडीचशे मीटरच्या आसपास फीत असे.

हे कसे साधले? फीत सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते. ती ६२ मिलिमीटर व्यासाच्या एका तिरप्या दंडगोलाभोवती गुंडाळली जाते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत हा दंडगोल मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि त्यावर बसवलेली हेड फितीवर तिरप्या रेषा ओढत जातात. एका फेरीत दोन रेषा. अशा दोन रेषा मिळून एक चित्र, आणि सेकंदाला पंचवीस चित्रे. (व्यासावरून परीघ आणि त्यावरून वेग काढण्याचे उदाहरण नववीच्या वर्गात सहज देता येईल.) फिरत्या हेडची कल्पना अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने १९५६ साली दूरदर्शन केंद्रांसाठी आणलेल्या यंत्रात होतीच. सोनीने १९७५ साली बीटामॅक्स आणि जे.व्ही.सी.ने १९७६ साली व्ही.एच.एस. आणून ती घरात पोचवली.

आपल्याकडे गाडी १९८२ साली सुरू झाली. त्या वर्षी दिल्लीला आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, दूरदर्शन रंगीत झाले आणि रंगीत संचांच्या आयातीवरचे निर्बंध सैल झाले. आखाती देशांत नोकरीला गेलेली माणसे येताना व्ही.सी.आर. आणू लागली. पण बहुतेक घरांना ते यंत्र परवडणारे नव्हते. म्हणून लायब्ररी कॅसेटबरोबर यंत्रही भाड्याने देई, हवा असल्यास रंगीत टी.व्ही.सुद्धा. बारसे, सत्यनारायण, गणेशोत्सवातली एखादी रात्र अशा निमित्ताने चाळीत वर्गणी काढायची आणि यंत्राचे भाडे वसूल व्हावे म्हणून पहाटेपर्यंत तीन-चार चित्रपट एकापाठोपाठ पाहायचे, हा त्या काळचा सार्वत्रिक अनुभव. मुंबईहून सुटणाऱ्या खासगी बसगाड्यांवर 'व्हिडिओ कोच' अशी अक्षरे आली तीही याच सुमारास.

सिनेमाच्या धंद्याला भाड्याची पद्धत नवी नव्हती. फ्रान्सच्या पाथे कंपनीने चित्रपटाच्या प्रती विकणे बंद करून त्या भाड्याने द्यायला १९०७ साली सुरुवात केली, आणि पुढे जगभर वितरणाचा तोच पाया झाला. आपल्या यात्राजत्रांतले तंबूवालेही रिळे भाड्यानेच आणत. लायब्ररीने केले ते इतकेच की भाडेकरू बदलला. थिएटरच्या मालकाऐवजी आता थेट प्रेक्षकच भाडेकरू झाला, आणि निर्मात्याच्या हाती त्यातले फारसे काही लागेना.

येथे कायद्याचा एक मुद्दा पाहायलाच हवा. अमेरिकेत एकदा विकत घेतलेली प्रत पुढे विकण्यास किंवा भाड्याने देण्यास मूळ मालकाची परवानगी लागत नाही. विकत घेतलेले पुस्तक आपण कोणालाही देऊ शकतो, तसेच. १९८५ साली सुरू झालेली ब्लॉकबस्टर ही दुकानांची प्रचंड साखळी याच तत्त्वावर उभी राहिली. तिची २००४च्या सुमारास नऊ हजारांवर दुकाने होती. आपला कायदा वेगळा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन व्हिडिओ फिल्म त्यात आली आणि शिक्षा कडक झाल्या. १९९४च्या दुरुस्तीने तर स्पष्टच म्हटले की चित्रपटाची प्रत पूर्वी विकली गेलेली असो वा नसो, ती भाड्याने देण्याचा हक्क चित्रपटाच्या मालकाचाच. दिल्लीच्या एका लायब्ररीने परदेशात रीतसर विकत घेतलेल्या डी.व्ही.डी. भाड्याने दिल्या, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली त्यालाही हरकत घेतली. याचा अर्थ असा की निर्मात्याच्या परवान्याशिवाय चालणारी लायब्ररी, तिची कॅसेट अस्सल असली तरीही, कायद्याच्या नजरेत कच्च्या पायावर उभी होती. अशा धंद्यात कोणी मोठे भांडवल घालत नाही. आपल्याकडे ब्लॉकबस्टर का उभे राहिले नाही, याचे अर्धे उत्तर आमच्या मते येथे आहे.

आणि सगळ्या कॅसेट अस्सल होत्या असेही नाही. परदेशातल्या प्रेक्षकांसाठी निघालेल्या कॅसेट फिरून भारतात येत, त्यांच्या प्रतींच्या प्रती निघत. चित्राच्या खालून जाहिराती सरकत. चुंबकीय फितीवरची प्रत मूळ फितीहून थोडी फिकी असते, तिची प्रत आणखी फिकी. चौथ्या-पाचव्या पिढीला नायिकेचा चेहरा ओळखायचा तो आवाजावरून! गंमत अशी की हा दोषच लायब्ररीचे संरक्षण करत होता. चांगली प्रत दुर्मिळ होती, म्हणून ती बाळगणाऱ्या दुकानाला किंमत होती.

पहिला खरा स्पर्धक निघाला तो केबलवाला, आणि तो बहुतेक वेळा लायब्ररीवालाच होता. कॅसेट एका घरी दिली तर त्या रात्री एकच घर ती पाहते. तीच कॅसेट आपल्या खोलीतल्या व्ही.सी.आर.मध्ये घालून गच्च्यागच्च्यांवरून वायर टाकली, तर सारी वसाहत पाहते आणि महिन्याला ठरावीक रक्कम देते. हे खासगी पाहणे की सार्वजनिक प्रदर्शन? १९८९ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे नेमका हाच प्रश्न आला. गरवारे प्लास्टिक्स विरुद्ध टेलिलिंक या खटल्यात न्यायालयाने ठरवले की प्रत्येक जण आपापल्या घरात बसलेला असला तरी असे प्रक्षेपण हे जनतेला दाखवणेच होय. निकाल लागला, तरी वायरी काही निघाल्या नाहीत. १९९१च्या आखाती युद्धाने उपग्रह वाहिन्यांची ओढ लावली, २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टी.व्ही. सुरू झाला आणि १९९५ साली केबलसाठी स्वतंत्र कायदा आला.

थिएटरवाल्यांनीही उलट डाव टाकून पाहिला. राजश्रीच्या 'हम आपके हैं कौन' या १९९४च्या चित्रपटाची कॅसेट निर्मात्यांनी जाणूनबुजून दीर्घकाळ बाजारात आणली नाही. मुंबईच्या लिबर्टी चित्रपटगृहात तो शंभर आठवड्यांहून अधिक चालला. माणसे घर सोडून पुन्हा थिएटरात जातात, फक्त घरी काही मिळता कामा नये, हे त्यातून दिसले.

नंतर आली तबकडी. व्ही.सी.डी.चे मानक १९९३ सालचे. तिच्या चित्राची स्पष्टता कॅसेटइतपतच, आणि एका तबकडीत ७४ मिनिटे मावत. म्हणून चित्रपट दोन-तीन तबकड्यांचा असे आणि ऐन प्रसंगात उठून तबकडी बदलावी लागे. तरीही तिने कॅसेटला हटवले. कारण तबकडी प्रकाशाने वाचली जाते. तिला काही घासत नाही. शिवाय तिच्यावर असतात ते आकडे. आकड्यांची प्रत हुबेहूब निघते, दहावी प्रत पहिल्यासारखीच. पिढीगणिक फिके पडण्याचे जे कुंपण होते, ते येथे मोडले. फूटपाथवर नव्या चित्रपटाची चोरटी तबकडी थोडक्या पैशांत मिळू लागली. महाराष्ट्राने २००९ साली धोकादायक व्यक्तींना स्थानबद्ध करण्याच्या आपल्या १९८१च्या कायद्यात 'व्हिडिओ पायरेट' या वर्गाचा समावेश केला, यावरून प्रकरण किती वाढले होते याची कल्पना येईल.

पण लायब्ररीच्या वर्मी घाव बसला तो चोरांकडून नव्हे, असे आम्हाला वाटते. २००७च्या सुरुवातीला मोझर बेअर या कंपनीने रीतसर हक्क घेऊन चित्रपटांच्या तबकड्या बाजारात आणल्या. व्ही.सी.डी. २८ रुपये, डी.व्ही.डी. ३४ रुपये. भाड्याचा धंदा उभा असतो तो विकत घेण्याची किंमत आणि एकदा वापरण्याची किंमत यांतल्या अंतरावर. ते अंतरच संपले, तर अनामत ठेवून, दुसऱ्या दिवशी परत करायला कोण धावेल? कंपनीलाही हे पुढे मानवले नाही. २०१८ साली ती दिवाळखोरीत निघून विसर्जित करण्याचा आदेश झाला.

याच काळात घरपोच तबकडी देण्याचा प्रयोग झाला. अमेरिकेत नेटफ्लिक्सने १९९८ साली टपालाने डी.व्ही.डी. पाठवायला सुरुवात केली होती. आपल्याकडे बंगळूरची सेव्हंटीएमएम, रिलायन्सची बिगफ्लिक्स या कंपन्या त्या वाटेने गेल्या. अमेरिकेत तबकडी साध्या टपालाच्या पाकिटातून येई-जाई. येथे माणूस पाठवून ती द्यायची आणि पुन्हा माणूस पाठवून आणायची. शहरांतच हे जड गेले.

तारेतून चित्रपट का पाठवत नव्हते, असे विद्यार्थी विचारतील. त्यांना पुढील गणित घालावे. व्ही.सी.डी.वरून सेकंदाला सुमारे १.४ मेगाबिट माहिती वाचली जाते. १९९०च्या दशकाअखेरचा चांगला मोडेम सेकंदाला ५६ किलोबिट आणी. म्हणजे ७४ मिनिटांची एक तबकडी उतरवायला सुमारे ३१ तास! आता दुसरी बाजू. भरलेल्या तबकडीत सुमारे ७७४ मेगाबाइट असतात. दोन तबकड्या दप्तरात टाकून एखादा मुलगा दहा मिनिटांत सायकलने घरी आला, तर त्याच्या सायकलीचा माहितीवहनाचा वेग पडतो सेकंदाला २० मेगाबिटांहून थोडा जास्त. लायब्ररी कितीतरी वर्षे टिकली ती या सायकलीच्या बळावर. तारेने तिला गाठायला दोन गोष्टी लागल्या. एक, त्याच चित्राला कमी आकडे लागतील अशी नवी संक्षेपन पद्धत. तिचे एक महत्त्वाचे मानक २००३ साली ठरले. दुसरी, स्वस्त आणि वेगवान मोबाइल जोडणी. २०१६च्या जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आले, ५ सप्टेंबरला जिओची सेवा सुरू झाली. बदलापूरहून मुंबईला जाणाऱ्या गाडीत उभ्याउभ्या चित्रपट पाहणे त्यानंतर नवलाचे राहिले नाही. योगायोग असा की त्याच वर्षीच्या जुलैअखेर जपानच्या फुनाई कंपनीने व्ही.सी.आर. बनवणे थांबवले. अशी यंत्रे बनवणारी ती शेवटची कंपनी होती.

नव्या व्यवस्थेत निवड वाढली, हे उघड आहे. पण एक फरक आहे. लायब्ररीच्या फळीवर ठेवलेली कॅसेट, कोणी नेली नाही तरी, तेथेच राहत असे. मोबाइलवरच्या यादीतला चित्रपट ठरावीक मुदतीच्या करारावर असतो. मुदत संपली की तो यादीतून निघून जातो आणि आपल्या हाती काही उरत नाही. ज्या चित्रपटाच्या हक्काला मालकच सापडत नाही, तो यादीत येतच नाही. १९८०-९०च्या दशकांतल्या कमी चाललेल्या मराठी चित्रपटांबाबत आणि नाटकांच्या मुद्रणांबाबत ही भीती खरी आहे. लायब्ऱ्या मोडल्या तेव्हा त्यांच्या फळ्यांवरचा माल बहुतेक रद्दीत गेला. त्याची यादीही कोणी केली नाही.

शाळांकडे मात्र यातले काही अजून असेल. स्नेहसंमेलने, क्रीडामहोत्सव, निवृत्त शिक्षकांचे निरोपसमारंभ यांच्या व्ही.एच.एस. कॅसेट अनेक शाळांच्या कपाटांत पडून आहेत. उल्हास नदीच्या काठची पावसाळी हवा फितीला घातक. २६ जुलै २००५च्या पुरात तर बदलापुरात घरादारांत पाणी शिरले होते. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरे ठिपके किंवा तंतू दिसले, तर ती बुरशी समजावी. अशी कॅसेट 'चालते का बघू' म्हणून यंत्रात घालू नये. बुरशी हेडवर चिकटते, आणि नंतर त्या यंत्रात घातलेल्या चांगल्या कॅसेटलाही लागते. आधी ती वेगळी काढावी, कोरड्या जागी उभी ठेवावी आणि साफ करून संगणकावर उतरवून देणारा कारागीर शोधावा. कॅसेटच्या पाठीवरची चिठ्ठी सुटत आली असेल, तर तिच्यावरचे वर्ष आणि कार्यक्रमाचे नाव आधी वहीत उतरवून घ्यावे.