धर्मवेडाचे बळ : वाढते की ओसरते?

मुसलमान समाजातील धर्मवेडाचे बळ वाढत आहे की ओसरत आहे, या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा दूरच्या देशांत शोधतो. पण त्याची परीक्षा मुंबईतही होऊ शकते. कॉटन ग्रीनहून दक्षिणेस निघालेली गाडी चौथ्या स्थानकास मशीद येथे पोहोचते. या एवढ्याशा पट्ट्यात १२ मार्च १९९३ रोजी काथा बाजारात व २६ नोव्हेंबर २००८ रोजी वाडीबंदरापाशी स्फोट झाले.

केवळ स्फोट मोजल्यास उत्तर सोपे वाटेल. परंतु धर्मवेडाचे खरे बळ शस्त्रात नसून समाजाच्या संमतीत असते. ती संमती कोणी दिली व कोणी नाकारली, हेच पाहावयास हवे.

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक व बहुपत्नीत्व बंद व्हावे, ही मागणी. आणि मोर्चात मुसलमान स्त्रिया अवघ्या सात! १९७० साली त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिले. तथापि १९७७ साली ते वारले, तेव्हा त्यांचा पक्ष लहानच होता. पुढे शाहबानूस १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने पोटगी मान्य केली. पण सनातन्यांच्या दडपणापुढे नमून संसदेने १९८६ साली निराळा कायदा केला. त्याच काळात हिंदूंमधील कडवेपणाही चढत गेला. १९९२-९३ च्या दंगलींत मुंबईत सुमारे नऊशे माणसे मेली; त्यांत मुसलमान अधिक होते. भ्यालेला समाज सुधारकाचे ऐकत नाही. तो आपल्यातील कठोरांच्या आश्रयास जातो.

म्हणूनच पुढील घटना महत्त्वाच्या होत. २००८ साली मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांस बडा कबरस्तानात जागा देण्यास तेथील मुसलमान विश्वस्तांनीच नकार दिला. हाजी अली दर्ग्यात मजारीपाशी जाण्यास स्त्रियांना बंदी झाली, तेव्हा न्यायालयात गेल्या त्या मुसलमान स्त्रियाच. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी उठविली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाक रद्द ठरविला. तेथेही दाद मागणाऱ्या त्याच होत्या.

तात्पर्य, शस्त्राची प्रतिष्ठा ओसरली. घरातील कर्मठपणा मात्र पुरता गेलेला नाही. बहुपत्नीत्वाविषयीची १९६६ ची मागणी महाराष्ट्रात अद्याप अपुरीच आहे. ती पुरी करण्याचे बळ त्या सात स्त्रियांच्या वारसदारांत आहे. त्यांस निर्भयपणे बोलता यावे, एवढी शांतता राखणे हे मात्र आपणां सर्वांचे काम होय.