आस्टर : एका आडनांवाचा प्रवास

आपल्याकडे गांवावरून आडनांव पडतें. चिपळूणचा तो चिपळूणकर, निपाणीचा तो निपाणीकर. घराणें पुढें कोठेंहि गेलें तरी गांव त्याच्या नांवांत राहतें. जर्मनींतील आस्टर घराण्याच्या बाबतींत उलटा प्रकार घडला. त्यांचें आडनांव गांवांना, रस्त्यांना, ग्रंथालयाला मिळालें, आणि जें गांव सोडून त्यांचा मूळपुरुष निघाला त्या वाल्डोर्फचें नांवहि त्या आडनांवाच्या जोडीनें जगभर फिरलें. मुंबईंत चर्चगेटजवळ ‘अस्टोरिया’ हॉटेलाची पाटी वाचणाऱ्याला, किंवा वाल्डोर्फ पद्धतीच्या शाळेंत मूल घालणाऱ्या पालकाला, या दोन्ही शब्दांचा माग एका खाटकाच्या घरापर्यंत जातो याची सहसा कल्पना नसते.

हायडेलबर्गच्या दक्षिणेस असलेल्या वाल्डोर्फ गांवीं १७ जुलै १७६३ रोजीं योहान याकोब आस्टर जन्मला. बाप खाटीक, घरांत मुलें पुष्कळ आणि पैसा बेताचा. थोरला भाऊ गेओर्ग लंडनला जाऊन वाद्यें बनवूं लागला होता. योहान त्याच्याकडे गेला, इंग्रजी शिकला, आणि १७८३ च्या अखेरीस विकावयास बासऱ्या बरोबर घेऊन अमेरिकेच्या जहाजांत बसला. चेसापीकच्या उपसागरांत जहाज बर्फांत अडकलें, आणि त्या सक्तीच्या मुक्कामांत एका सहप्रवाशानें त्याला केसाळ कातड्यांच्या व्यापाराची माहिती दिली, अशी गोष्ट सांगतात. ती खरी असो वा नसो, बासऱ्या लवकरच मागें पडल्या.

हा व्यापार मुख्यतः बीव्हरच्या जिवावर चाले. नदीवर लांकडांचा बांध घालून राहणारा हा कुरतडणारा प्राणी; त्याची मऊ लोकर दाबून जें जाड कापड होई त्याच्या टोप्या युरोपांतील प्रतिष्ठित लोक वापरीत. बीव्हर मारून आणणारा असे अमेरिकेचा मूळ रहिवासी किंवा कॅनडाचा फ्रेंच पारधी. त्याच्या पदरीं कांबळीं, बंदुका आणि फार करून मद्य पडे. १८०८ सालीं आस्टरनें ‘अमेरिकन फर कंपनी’ काढली. कातडीं चीनला न्यावींत व तेथून चहा आणि रेशीम आणावें, हा त्याचा बेत. १८१६ च्या सुमारास त्यानें तुर्की अफूहि कँटनला धाडली. मुंबईच्या कित्येक पेढ्यांच्या भांडवलांत माळव्याची अफू मुरलेली आहे. तेव्हां या गोष्टीस नाक मुरडण्याचा अधिकार आपणांस फारसा नाहीं.

चीनच्या व्यापाराला पॅसिफिकच्या किनाऱ्यावर ठाणें हवें होतें. म्हणून १८१० च्या सप्टेंबरांत ‘टॉनक्विन’ हें जहाज न्यूयॉर्कहून निघालें व दक्षिण अमेरिकेला वळसा घालून पुढल्या मार्चांत कोलंबिया नदीच्या मुखाशीं पोहोंचलें. तेथील वाळूच्या दांड्यावर लाटा अशा फुटतात कीं, वाट शोधावयास पाठविलेल्या होड्यांतील आठ माणसें बुडालीं. उरलेल्यांनीं कांठावर लांकडी कोट उभारला. त्याचें नांव अस्टोरिया. त्याच वर्षीं जहाज उत्तरेकडे व्यापारास गेलें असतां कप्तानाच्या उर्मटपणानें तेथील रहिवासी चिडले, जहाजावर कत्तल झाली, आणि अखेर तें दारूगोळ्याच्या स्फोटांत नष्ट झालें. पुढें इंग्लंड आणि अमेरिका यांच्यांत युद्ध जुंपलें, व १८१३ मध्यें कोट कॅनडाच्या प्रतिस्पर्धी कंपनीस विकावा लागला. धंदा म्हणून अस्टोरिया बुडालें. ऑरेगॉन राज्यांतील गांव म्हणून तें आजहि नांदतें आहे. ज्याच्या नांवाचें तें गांव, त्यानें मात्र तेथें कधीं पाऊल टाकलें नाहीं.

न्यूयॉर्कजवळच्या एका वस्तीनें १८३९ सालीं हेंच नांव घेतलें, तें आस्टर आपल्या गांवांत पैसा घालील या आशेनें. त्यानें अवघे ५०० डॉलर दिले म्हणतात. नांवाचा भाव इतका वाढला होता कीं, लोक तें उधारीवर घेऊं लागले होते!

आस्टरच्या संपत्तीचा खरा पाया न्यूयॉर्कची जमीन. रेशमी टोप्यांची आवड वाढली, तेव्हां १८३४ सालीं तो कातड्यांच्या धंद्यांतून बाहेर पडला. शहराबाहेरचीं शेतें घ्यावींत, तीं लांब मुदतीच्या पट्ट्यानें द्यावींत, आणि शहर तेथवर वाढत येण्याची वाट पाहावी, ही त्याची रीत. पट्टेदार त्या जमिनींवर दाटीच्या चाळी बांधीत. त्यांतील अंधाऱ्या खोल्यांचें भाडें परदेशांतून आलेले गरीब मजूर भरीत, आणि पट्ट्याचा पैसा आस्टरांकडे येई. २९ मार्च १८४८ रोजीं तो वारला तेव्हां त्याची मालमत्ता सुमारें दोन कोटी डॉलर होती. मृत्युपत्रांत ४ लक्ष डॉलर ग्रंथालयास आणि ५० हजार वाल्डोर्फच्या गोरगरिबांसाठीं होते. ग्रंथालय आस्टरच्या नांवानें उभें राहिलें व १८९५ मध्यें न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांत विलीन झालें. भाडें भरणाऱ्यांचें नांव कोणत्याहि इमारतीवर आलें नाहीं. त्यांच्यासारख्याच सामान्य लोकांचा एक जमाव १० मे १८४९ रोजीं आस्टर प्लेसवरील श्रीमंतांच्या नाट्यगृहाबाहेर जमला होता. आंत एक इंग्रज नट ‘मॅकबेथ’ करीत होता, आणि जमावाचा ओढा त्याच्या अमेरिकन प्रतिस्पर्ध्याकडे होता. दंगल पेटली, शिपायांच्या गोळीबारांत किमान २२ माणसें ठार झालीं.

पुढची कथा भाऊबंदकीची आहे, आणि ती आपल्या वाचकांस नवी वाटूं नये. योहानचा पणतू विल्यम वाल्डोर्फ आस्टर याचें चुलतीशीं बिनसलें. समाजांत ‘मिसेस आस्टर’ म्हणून मिरवावें कोणीं, त्याच्या बायकोनें कीं चुलतीनें, एवढ्याचसाठीं! १८९३ सालीं त्यानें चुलतीच्या घराला खेटून ‘वाल्डोर्फ’ हॉटेल बांधलें. चुलती घर सोडून गेली, आणि त्या जागीं तिच्या मुलानें १८९७ मध्यें त्याहून मोठें ‘अस्टोरिया’ उभें केलें. भांडण राहिलें, पण नफा दिसतांच दोन्ही हॉटेलें जोडलीं गेलीं. तो मुलगा १९१२ सालीं ‘टायटॅनिक’बरोबर बुडाला, विल्यम इंग्रज प्रजाजन होऊन उमराव बनला. त्याची सून नॅन्सी ही ब्रिटिश पार्लमेंटांत प्रत्यक्ष आसनस्थ झालेली पहिली स्त्री. तें साल १९१९. जोड-हॉटेल १९२९ मध्यें पाडलें गेलें व त्या जागेवर एम्पायर स्टेट इमारत उठली.

हॉटेलाच्या कीर्तीबरोबर नांव घराण्याच्या हातून सुटलें. जर्मनींत स्टुटगार्ट येथें ‘वाल्डोर्फ-अस्टोरिया’ नांवाचा सिगारेटचा कारखाना होता. त्याचे चालक एमिल मोल्ट यांनीं १९१९ सालीं रुडोल्फ स्टाइनर यांच्याकडून कामगारांच्या मुलांसाठीं शाळा काढविली. वाल्डोर्फ शिक्षणपद्धति ती हीच. मुलांना हातानें काम करूं देणाऱ्या, चित्रकलेला व संगीताला मान देणाऱ्या या पद्धतीचें नांव तंबाखूच्या पुड्यावरून आलें, हें तिच्या पुरस्कर्त्यांनाहि क्वचितच आठवत असेल. खुद्द वाल्डोर्फ आतां वेगळ्याच कारणानें प्रसिद्ध आहे. ‘सॅप’ या संगणक-प्रणालीच्या कंपनीचें मुख्य ठाणें तेथें असल्यामुळें पुण्यामुंबईच्या अभियंत्यांना तें नांव आस्टरशिवायच ठाऊक असतें.

न्यूयॉर्कमध्यें आस्टर प्लेस हें भुयारी रेल्वेचें स्थानक १९०४ सालीं उघडलें. त्याच्या भिंतींवर ठिकठिकाणीं चिनी मातीच्या उठावदार फरशा बसविल्या आहेत. त्यांवर चित्र आस्टरचें नाहीं. झाडाचा बुंधा कुरतडणाऱ्या बीव्हरचें आहे.